न्हाव्याचा डावा अंगठा

वस्तऱ्यावरचा फेस न्हावी कुठे पुसतो हे गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही, कारण त्याचं डोकं मागे टेकलेलं असतं आणि डोळे मिटलेले असतात. मी तो डाव्या हाताच्या अंगठ्याच्या बुडाशी पुसतो. बाबा तसंच करायचे, दादाही तसंच करतो. वस्तऱ्याची पाठ टेकवायची, फेस काढायचा, पुढचा हात मारायचा. सव्वीस वर्षं हे करतोय, कधी लक्ष देऊन केलं नाही. त्या दिवशी एक गिऱ्हाईक मला दाढी कशी करावी हे शिकवत होतं. माझं डोकं फिरलं आणि पाठीऐवजी धार टेकवून मी वस्तरा तसाच खस्सकन ओढला.

दादाने टॉवेल आवळून बांधला, मला गाडीत कोंबलं आणि वाटेत विचारलं, की लक्ष कुठे होतं. मी म्हटलं, कुठेच नाही. भांडत होतो हे सांगायची सोय नव्हती, कारण माझ्या तोंडाबद्दल तो मला लहानपणापासून ऐकवत आलाय.

सर्जन म्हणाले, नशीब चांगलं, अंगठा वाकवणारा स्नायुबंध वाचला. पण स्पर्श कळवणारी नस तुटली होती. ती त्यांनी दुर्बिणीखाली जोडली आणि हाताला तीन आठवडे प्लास्टिकची पट्टी बांधली. नस टाक्यापासून टोकाकडे पुन्हा वाढत जाते, दिवसाला साधारण एक मिलिमीटर, सगळं नीट झालं तर. मी विचारलं, नाही झालं तर? मग अंगठा हलेल, पकडेल, पण त्याला कळणार काही नाही, असं ते शांतपणे म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

भेटायला आलेला जो तो म्हणे, डावाच आहे ना, मग काय एवढं. असल्या लोकांचं काय करावं ते मला कळत नाही. वस्तरा उजव्या हातात असतो हे खरं, पण दाढी डावा अंगठा करतो. तो कातडी ताणतो, वस्तऱ्याच्या मागोमाग गालावरून फिरतो आणि राहिलेला खुंट शोधतो. डोळ्यांना फेस फसवतो, उजेड फसवतो. आम्हा दोघा भावांना बाबांनी दुकानातला दिवा घालवून, स्वतःच्या गालावर शिकवलं होतं. म्हणजे अंगठा गेला तर मी गेलो, इतका साधा हिशेब होता. पण तो लोकांना समजावत बसण्याएवढा धीर माझ्याकडे नाही.

बाबांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. आता काठी घेऊन चालतात. बोलणं जड झालंय, म्हणून शब्द मोजके वापरतात, आणि डावा गाल बधिर आहे. त्यांची दाढी रोज सकाळी मी करायचो. माझा हात बांधलेला असताना ती दादा करायला लागला. बाबा त्याला नाही म्हणायचे नाहीत, पण दाढी झाल्यावर रोज माझ्याकडे बोट करून विचारायचे, ‘हा कधी?’ रोज.

पट्टी निघाल्यावर हाताचे व्यायाम घेणाऱ्या बाईंकडे पाठवलं. बाई कसल्या, पंचविशीची पोरगी. मला काका म्हणायची. मी चव्वेचाळीसचा. तिच्याकडे एका खोक्यात मखमल, पॉलिश पेपर, कापूस, गोणपाट, दोरा असलं सामान होतं. डोळे मिटायचे, ती अंगठ्यावर एकेक वस्तू फिरवणार, आपण ओळखायची. घरीही तेच, दिवसातून चार वेळा. अंगठ्याला पुन्हा शिकवायचं, असं ती म्हणायची. पहिल्या आठवड्यात मला शून्य कळलं. दुसऱ्या आठवड्यात मी शहाणपणा केला.

पॉलिश पेपर आवाज करतो. गोणपाट थोडा कमी करतो, मखमल करतच नाही. शिवाय समोरच्या कपाटाला काच होती, आणि आरशात तिरकं बघून जग ओळखणं हा तर आमचा धंदाच. पापण्या किंचित किलकिल्या केल्या की तिचा हात दिसायचा. मी फटाफट ओळखायला लागलो. ती खूश होऊन कागदावर खुणा करायची. सातव्या आठवड्यात म्हणाली, सुधारणा छान आहे, पण धारदार काही हातात घ्यायचं नाही अजून. मी मान डोलावली. गंमत म्हणजे तोपर्यंत माझाही त्या कागदावर विश्वास बसला होता.

रविवारी सकाळी मी बाबांची खुर्ची खिडकीपाशी ओढली. वस्तरा बघून त्यांनी स्वतःच कॉलर खाली केली. उजवा गाल व्यवस्थित झाला. मग मी डावीकडे आलो आणि दारात उभ्या असलेल्या दादाला, त्याच्याकडे तोंड करून, सांगायला लागलो की हे डॉक्टर लोक उगाच बाऊ करतात. हात चालूच होता. अंगठा जबड्याखाली होता.

दादा हळूच म्हणाला, ‘थांब.’

फेस लाल झाला होता. जबड्याच्या हाडाखाली नखाएवढा काप होता, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांमुळे ते थांबत नव्हतं. माझा अंगठा त्यात पूर्ण भिजला होता. मला ओलंसुद्धा कळलं नव्हतं.

बाबांनी विचारलं, झालं का? त्यांनी नेहमीप्रमाणे काम तपासायला उजवा हात गालावरून फिरवला आणि बोटं डोळ्यांसमोर धरली.

‘मला लागलं नाही,’ ते म्हणाले. मग म्हणाले, ‘तुला कळलं?’

‘नाही, बाबा.’

दादाने कापूस दाबून धरला, चांगली वीस मिनिटं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या पोरीला सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता हाकलून देईल. तिने एवढंच विचारलं, की यातल्या खऱ्या खुणा कोणत्या. एकही नाही, मी म्हटलं. तिने कागद फाडला, माझी खुर्ची भिंतीकडे वळवली, कानात कापूस घालायला लावला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. दहापैकी नऊ वेळा मी कळत नाही म्हणालो. दहाव्यांदा अंदाज ठोकला, तो चुकला.

मग तिने कापूस काढायला सांगितला आणि जखमेच्या व्रणापासून पुढे बोटाने हलके टिचक्या मारत आली. टोकाकडच्या सांध्यापाशी माझ्या अंगठ्यातून असा झटका गेला की मी हात ओढून घेतला. तिने पुन्हा मारून बघितलं. तिथेच. पेनाने तिने तिथे ठिपका काढला.

‘नस इथवर आली आहे, काका. खरं बोलला असतात तर आपण आतापर्यंत नीट मोजत आलो असतो.’

ठिपक्यापासून टोकापर्यंत मोजपट्टीने एकतीस मिलिमीटर भरले. महिना, दीड महिना, आणि त्यानंतरही पूर्वीसारखं येईल याची खात्री नाही, असं तिने स्पष्ट सांगितलं.

घरी आलो तेव्हा दादा फेसाचा वाडगा घेऊन बाबांसमोर बसला होता. बाबांनी तोंड फिरवलं होतं. दादा समजावत होता, जखम सोडून बाकीची करू, निदान हनुवटी तरी. बाबा म्हणजे, झटक्यानंतर दवाखान्यातसुद्धा ज्याला तिसऱ्या दिवशी दाढी हवी होती असा माणूस. मला बघून त्यांनी विचारलं, ‘किती?’

मी ठिपका दाखवला आणि पोरगी बोलली ते जसंच्या तसं सांगितलं. त्यातलं शेवटचं वाक्यही गाळलं नाही.

बाबांनी दादाचा ब्रश बाजूला सारला.

‘थांबतो,’ ते म्हणाले.

आज छत्तिसावा दिवस आहे. बाबांची दाढी कुरळी आहे, हे आम्हा दोघा भावांना आजवर माहीत नव्हतं.