बुटके पुढे, उंच मागे

पोतनीस सरांनी इतिहासाची सुरुवात शेवंतीच्या पातळापासून केली.

"हे आधी काढा," ते म्हणाले.

पातळ दोन क्रुसांना बांधलेल्या दोरीवर वाळत होतं. सरांच्या मागे मुलुंडच्या इतिहास मंडळाचे सतरा सभासद टोप्या आणि वॉटरबॅगा सावरत उभे होते.

"ओलं आहे," शेवंती म्हणाली.

"बाई, ही दफनभूमी आहे."

"ठाऊक आहे. पाच वर्षं इथंच राहतोय."

साकीनाक्याच्या मागे, लेथ मशिनांच्या शेडांमध्ये अडकलेली ती गोऱ्यांची जुनी दफनभूमी. शेवंतीचा नवरा धाकू तिथला रखवालदार. संपात गिरणी गेली आणि ब्याऐंशीच्या अखेरीस ही नोकरी मिळाली, सोबत फाटकाच्या आतली पत्र्याची खोली. मेलेल्यांचा शेवंतीला कधीच त्रास झाला नाही. त्रास व्हायचा तो रविवारी, आणि तो चालत यायचा.

नंदकुमार पोतनीस हे निवृत्त मुख्याध्यापक. दोन वर्षं वही घेऊन इथं येत होते आणि महिन्यापूर्वी त्यांनी दफनभूमीच्या ट्रस्टला पत्र लिहिलं होतं : रखवालदाराची खोली ऐतिहासिक जागेवर आहे, ती पाडावी. आज मंडळाच्या सहलीबरोबर ट्रस्टचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश साहेब स्वतः पाहणीला आले होते. पाहायचं आणि निकाल द्यायचा. साहेबांना इतिहासाचं काही नव्हतं. आपल्या सहीचं एखादं पत्र पुढं कुणाच्या हाती लागू नये, एवढीच त्यांची आयुष्यात काळजी होती.

"आता नीट बघा," सरांनी छत्री पुढं केली. "पहिल्या रांगेत बुटक्या शिळा. मग मध्यम. सर्वांत मागे उंच. काय दिसतं?"

कुणाला काही दिसलं नाही.

"परेड! पुढे शिपाई, मध्ये हवालदार, मागे अधिकारी. मेल्यावरही हुद्दा सोडला नाही त्यांनी. याला म्हणतात शिस्त. आपल्याकडे जिवंत माणसं रांगेत उभी राहत नाहीत."

सभासदांनी आपली रांग जरा सरळ केली. बहुतेक शिळांवरची अक्षरं झिजून गेली होती, पण वसुधाबाई नावाच्या एक सभासद चष्मा पुसून पहिल्या रांगेत वाकल्या.

"सर, या शिपायावर 'मिसेस' लिहिलंय."

"नवऱ्याचा हुद्दा बायकोला लागू असे."

"आणि याचं वय अडीच वर्षं."

"वसुधाताई, प्रश्न शेवटी." सर घाईनं पुढं निघाले. "आता मुख्य मुद्दा. परेड म्हटली की समोर कमांडर पाहिजे. सगळ्या रांगा कुणाकडे तोंड करून आहेत? या बिंदूकडे." छत्रीचं टोक शेवंतीच्या दारावर येऊन थांबलं. आत सुकट भाजली जात होती. "कर्नलसाहेब या चुलीखाली आहेत."

"स्टोव्ह आहे," शेवंती म्हणाली.

"खात्री आहे?" साहेबांनी विचारलं.

"गणितच आहे ते. खोली पाडा, चार फूट खणा. एक महिन्याची नोटीस पुरे. तशी तीही जास्तच झाली."

साहेबांनी मान डोलावली. शेवंतीनं धाकूकडं पाहिलं. तो स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होता. तिनं त्याला दंडाला धरून खोलीच्या कडेला ओढलं.

"सांगा ना त्यांका! तुमका काय जीभ नाय?"

"गप ऱ्हव गो. नोकरी जायत."

"आणि खोली गेली काय नोकरी खय घेऊन बसतलात? झाडाखाली?"

धाकूचं भय खोटं नव्हतं. चौऱ्याऐंशी साली दफनभूमीतून पाण्याची लाइन गेली, तेव्हा ट्रस्टच्या जुन्या मॅनेजरनं सगळ्या शिळा उपटायला लावल्या होत्या. पंगत उठल्यावर पाट रचावेत तशा त्या भिंतीला रचून ठेवल्या. लाइन पडली आणि मॅनेजर म्हणाला, "लाव आता." कशा लावायच्या ते बोलला नाही आणि पुढच्याच महिन्यात तो वारला. धाकूनं खोलीत टांगलेला गिरणीच्या खात्याचा ग्रुप फोटो पाहिला. बुटके पुढे, उंच मागे, म्हणजे प्रत्येकाचं तोंड दिसतं. पंधरा दिवस खपून त्यानं सगळ्या मेलेल्यांना तसं उभं केलं. आता हे बोलावं तर थडगी हलवली म्हणून नोकरी जाणार, न बोलावं तर डोक्यावरचा पत्रा.

तिकडं सर सभासदांना सांगत होते, "या लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. गावाकडून येतात, गिरणीत राबतात. त्यांना दगड म्हणजे काय? कपडे आपटायची सोय."

शेवंती सरळ रांगेत घुसली.

"हे दगड आमच्या ह्यांनी लावलेत."

सतराही टोप्या तिच्याकडं वळल्या. मग सर हसले. मुख्याध्यापक हसतात तसे, एकट्यानं.

"हा? अहो, मी दोरी लावून तीनदा मोजलंय. एक रांग बोटभर चुकलेली नाही. हा काय लावणार?"

इतका वेळ खोली जात असताना, अक्कल निघत असताना धाकू गप्प होता. रांगेवर शंका घेतलेली मात्र त्याला सोसली नाही.

"चुकेल कशी? सूत धरून लावल्यात. वीस वर्षं गिरणीत साचे चालवलेत मी, धागा कळतो मला." तो एका बुटक्या शिळेपाशी गेला. "ही इथली नाय. ही भिंतीकडची. ती तुमची मिसेस चिंचेखालची. आणि तो उंच आहे ना, तुमचा अधिकारी, तो बोरीजवळ होता. त्याच्यावर बोकड चढायचे."

पहारीनं त्यानं शिळेच्या बुडाची माती काढली. खाली सिमेंट होतं आणि सिमेंटात थंड्याच्या बाटलीचं बूच.

वसुधाबाई वाकून बघू लागल्या. "सर, म्हणजे ती परेड…"

"तुम्ही गप्प बसा!" सरांचा चेहरा लाल झाला होता. दोन वर्षांची वही त्यांनी काखेत घट्ट आवळली. "साहेब, हा गुन्हा आहे. मृतांची विटंबना. याला आत्ता हाकला, आत्ताच्या आत्ता!"

"हलवायला सांगितलं कुणी?" साहेबांनी हळूच विचारलं.

"जुन्या मॅनेजरसाहेबांनी. तोंडी," धाकू म्हणाला.

साहेबांना घाम फुटला. ट्रस्टनंच थडगी हलवली हे बाहेर कळलं, तर विलायतेहून कुणाच्या तरी नातवाचं पत्र येणार आणि उत्तराखाली सही त्यांची लागणार.

"शिळा मूळ जागी गेल्या पाहिजेत," ते म्हणाले. "गाजावाजा न करता. मूळ जागा कुणाला ठाऊक आहेत?"

सगळ्यांनी सरांकडं पाहिलं. सरांची वही पंच्याऐंशीपासून सुरू होत होती. मग सगळ्यांनी धाकूकडं पाहिलं.

"मला सगळ्या पाठ आहेत," धाकू म्हणाला. "आठ दिवसांत…"

शेवंतीनं त्याच्या पायावर पाय दिला. हलका नाही.

"आठ दिवसांत एखादी आठवते त्यांना," ती म्हणाली. "कधी आठवतही नाही. पावसाळ्यात तर नाहीच."

"मग काम पुरं होईपर्यंत याला काढता येणार नाही," साहेब म्हणाले.

"आणि साहेब, खोली पाडली तर ह्यांनी आठवायचं कुठं बसून?"

साहेबांनी खोलीकडं पाहिलं, सरांकडं पाहिलं आणि सरांच्या पत्राची घडी करून खिशात घातली. "खोलीचं नंतर बघू."

"खोटारडी बाई आहे ही!" सर ओरडले. "मी दर रविवारी येऊन उभा राहणार. एकेक दगड माझ्यासमोर लागेल."

"या की," शेवंती म्हणाली. "चहा मिळणार नाही."

सर बोलल्याप्रमाणं येतात. दोन वर्षं झाली, शहाण्णवांपैकी अकरा शिळा लागल्यात. धाकूला कधी जास्त आठवायला लागलं, की शेवंती त्याला रेशनच्या रांगेला पाठवते. सर आल्या आल्या "किती झाल्या?" विचारतात, ती आकडा सांगते आणि पाठ फिरवते. त्यापलीकडे दोघांत शब्द नाही.

गेल्या रविवारी मात्र सरांना राहवलं नाही.

"खरं सांगा बाई, माझ्या हयातीत हे संपणार आहे का?"

शेवंतीनं त्यांना टोपीपासून चपलांपर्यंत एकदा नीट पाहिलं.

"तुमची उंची बघता," ती म्हणाली, "मागच्या रांगेत जागा ठेवायला सांगते."