सवतीची चांदी

दिल्लीत एशियाड झालं त्या वर्षीची ही गोष्ट. तिगावच्या श्रावणची बायको प्रेमलता तापानं गेली, मागे पाच वर्षांची सरला. वर्षभरात चंद्रकला दुसरेपणावर आली.

दुसरीनं सवतीचा चांदीचा टाक, म्हणजे तिची आकृती उठवलेला पत्रा, गळ्यात घालावा, म्हणजे गेलेली रुसत नाही, असा रिवाज. टाक मात्र नव्या चांदीचा घडवायचा. पण सासू कलाबाई म्हणाली, "घरात चांदी पडून असताना बाजारात कशाले जा लागते?" तिनं प्रेमलताच्याच पायातल्या तोरड्या आटवायला दिल्या.

तो टाक चंद्रकलाच्या गळ्यात काळा पडू लागला. चिंचेनं घासला की एक दिवस उजळे, दुसऱ्या दिवशी पुन्हा काजळी. आणि सरला तिला 'ओ बाई' म्हणे. तिच्या हातून जेवे, वेणी घालून घेई, पण 'माय' म्हणेना. चंद्रकलाला दुसरं काही नको होतं. टाकातली सवतच आडवी येऊन राहिली, असं तिच्या मनानं घेतलं. माहेरी जातो सांगून ती सौसरला भगवंतराव सोनारांकडे गेली.

"बाबाजी, याच्यातली ती काढून टाका."

म्हातारा हसला. "मी सोनार आहो बाई, मांत्रिक नाही. तोरड्यांत तांबं होतं, म्हणून काळं पडते. ते काढतो. भाता मार."

हाडांच्या राखेची खोलगट खापरी त्यानं निखाऱ्यांत बसवली. तीत टाक वितळला, मग वर शिशाचा तुकडा. चंद्रकला भाता मारत राहिली.

"शिसं तांब्याले घेऊन जाते," म्हातारा म्हणाला, "आन् राख दोघायलेही पिऊन टाकते."

रसावर रंगीत साय फिरू लागली, पातळ झाली, फाटली. आणि एकदम खापरीत पांढरा, लखलखीत डोळा उघडला. चंद्रकलाचा हात थांबला.

"भिऊ नको. चांदी उघडली."

रस थिजता थिजता वर फोड आला, फुटला, आणि आतून सुस्कारा निघाला. कोणी फार दिवसांनी श्वास सोडावा तसा.

"हे काय व माय?"

"शुद्ध चांदी अशीच श्वास टाकते." मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "तिचं नव्हतं ते गेलं. तिचं होतं तेवढं राहिलं."

चंद्रकला भात्यावरून उठली. "मी तं उलटं सांगतलं होतं, बाबाजी."

"आगीले उलटं येत नाही, पोरी."

ठशावर ठोकून त्यानं पुन्हा बाईची आकृती उठवली. आधी नाक-डोळे पुसट होते. आता एकेक पापणी दिसत होती.

सांजेला टाक गळ्यात बांधून ती घरच्या अंगणात आली तेव्हा सरला खडे खेळत होती. पोरीनं मान वर केली, खडे टाकले, धावत येऊन तिला बिलगली.

"माय! कुठं गेली होती व तू?"

चंद्रकलाचे डोळे भरले. तिनं पोरीची हनुवटी उचलली. सरला तिच्या तोंडाकडे पाहतच नव्हती. तिची नजर गळ्यावर होती, आणि ती गळ्याशीच बोलत होती.

दुसऱ्या दिवशी न्हाताना चंद्रकलानं टाक काढून कोनाड्यात ठेवला. सरला दारात आली, तिला पाहून थबकली.

"ओ बाई, माय कुठी हाय?"

चंद्रकलानं ओल्या हातानंच टाक पुन्हा गळ्यात बांधला. त्यानंतर तो तिनं कधी काढला नाही, आणि तो कधी काळाही पडला नाही.