मघाचा फोटो

सुमंतने कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या काचेवर तोंडाची वाफ सोडली आणि रुमालाच्या टोकाने ती पुसली. गाडी खड्ड्यात गेली तसा त्याने कॅमेरा पोटाशी धरला. गाडी सरळ झाल्यावर पुन्हा वाफ, पुन्हा रुमाल.

"एवढासा कण आहे," तो म्हणाला. "जात कसा नाही?"

"आतल्या बाजूला आहे," ज्ञानदा म्हणाली.

तिने मान वळवली नव्हती. उंब्रजच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागे त्यांची भाड्याची ट्रॅक्स रांगत चालली होती. सीटवर कारखान्यातून आलेलं प्लॅस्टिक तसंच होतं आणि प्रत्येक ब्रेकला ती दोघं थोडी पुढे घसरत.

"पलास्टिक काढाय मालक न्हाई म्हनलाय," ड्रायव्हर दादासो आरशातून बघत म्हणाला. "गाडी नवी हाय. मी म्हनलं, आवं, मानसं घसरत्यात. तर म्हनतोय, घसरूद्यात, पर काढू नगं."

"बरोबर आहे त्याचं," सुमंत म्हणाला.

दादासो हसला. त्याला वाटलं, साहेबांनी चेष्टा केली.

कॅमेरा सुमंतच्या धाकट्या भावाने, शौनकने, दिवाळीत अमेरिकेहून आणला होता. त्याला रीळ लागत नसे. फोटो काढला की तो तिथल्या तिथे मागच्या छोट्या पडद्यावर दिसे. सांगलीला त्यांच्या विश्रामबागेत असला कॅमेरा कुणी पाहिला नव्हता. पहिले काही दिवस सुमंतने तो शेजाऱ्यांना दाखवला, पण पिशवीतून बाहेर न काढता. पिशवीची चेन उघडायची, आत बघू द्यायचं, चेन लावायची. मग त्याला त्या पडद्याची काळजी लागली. पडदा प्लॅस्टिकचा आहे, ओरखडे पडतील. फ्रेमवाल्याकडची काच जाड निघाली. शेवटी एका घड्याळजीकडून त्याने पातळ काच घासून घेतली आणि वायरमन वापरतात त्या काळ्या टेपने ती चारी बाजूंनी चिकटवली. अमेरिकेतून आलेली ती देखणी वस्तू आता पट्टी बांधून दवाखान्यातून घरी सोडल्यासारखी दिसत होती.

ज्ञानदा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत असे. तिने त्याला एकदा, एकदाच, समजावून सांगितलं होतं. काचेचा प्रत्येक पृष्ठभाग थोडा प्रकाश परत फेकतो. काच पडद्याला अगदी चिकटून बसली तर गोष्ट वेगळी, पण इथे मध्ये हवा राहिली आहे. आधी एक पृष्ठभाग होता, आता तीन झाले. उजेडात फोटो दिसणार नाही, बघणाऱ्याचं तोंड दिसेल. पडदा बघण्यासाठी असतो, ठेवण्यासाठी नाही.

सुमंतने सगळं ऐकून घेतलं. मान डोलावली.

"पण ओरखडा तर नाही ना पडणार?" तो म्हणाला.

त्यानंतर ती त्या विषयावर बोलली नाही. ती कुठल्याच विषयावर फारसं बोलत नसे. घरातल्या फ्रिजच्या मुठीला कापडी मोजा होता. टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत होता आणि त्याची बटणं पिशवीवरून दाबावी लागत. चांगल्या कपबशा कपाटाच्या काचेआड बसून जुन्या झाल्या होत्या. लग्नानंतर तिने मिळवलेलं एम.एस्सी.चं प्रमाणपत्र त्याने कौतुकाने लॅमिनेट करून आणलं होतं आणि त्या गरम रुळांखाली विद्यापीठाचा उठावाचा शिक्का सपाट झाला होता. तेव्हाही तिने "बरं झालं" एवढंच म्हटलं. असल्या माणसाशी भांडणं म्हणजे त्याला आपल्या पातळीवर बसवणं होतं. मनात जे होतं ते तिने कधी ओठांवर येऊ दिलं नव्हतं. निदान ती तसं समजत होती.

जूनमध्ये ओवी, त्यांची मुलगी, पुण्याला होस्टेलवर गेली आणि घरात दोघंच उरली. संध्याकाळी सुमंत टीव्हीवरचा भरतकामाचा पडदा काढून घडी घाली, बातम्या बघे, पडदा परत घाली. ज्ञानदा जेवणाची ताटं घेई. पुढे काही नसे. एखादं तिसरं माणूस घरात आलं नाही तर आपण एक दिवस काहीतरी बोलून बसू, अशी तिला भीती वाटू लागली होती.

म्हणून आज ती साताऱ्याला निघाली होती. सासूबाईंना कायमचं सांगलीला आणायचं होतं.

शकुंतलाबाई साताऱ्यात एकट्या राहत. गणपतीत त्या न्हाणीघरात घसरल्या तेव्हापासून शौनकचे फोन सुरू होते. सुमंतनेही म्हणून पाहिलं होतं. पण खरा आग्रह ज्ञानदाचा होता. लग्न होऊन ती सांगलीच्या घरात आली तेव्हा तिथेच राहणाऱ्या शकुंतलाबाईच तिला म्हणाल्या होत्या, "स्वयंपाकाचं मी बघते. तू प्रॅक्टिकलला जा." सोफ्यावरचं प्लॅस्टिक उन्हाळ्यात पाठीला चिकटलं तेव्हा त्यांनीच विळी आणून ते टराटरा फाडलं होतं आणि सुमंत ऑफिसातून येईपर्यंत दोघी हसत बसल्या होत्या. त्या घरात तिने मान दिलेलं ते एकच माणूस होतं.

परवा फोनवर त्या म्हणाल्या, "बॅग भरून ठेवते. पण आधी तुम्ही दोघं या. फोनवर सगळेच गोड बोलतात. तोंडं बघते तुमची, मग ठरवते."

"बघा की," ज्ञानदा हसून म्हणाली होती.

शनिवार पेठेतल्या त्या दोन खोल्यांच्या दाराशी बॅग पट्टा आवळून उभी होती. तिच्यावर घडी घातलेली शाल होती. ज्ञानदाने चप्पल काढता काढता ती पाहिली आणि वाटेतला सगळा शीण उतरल्यासारखं तिला वाटलं. गॅसची टाकी शेजारच्या विजयमालाबाईंना द्यायची ठरलेली दिसत होती. तुळशीची कुंडीही जिन्याजवळ आणून ठेवली होती.

पोहे झाले, चहा झाला. शकुंतलाबाईंनी दोघांना ओवीचं विचारलं, कॉलेजचं विचारलं. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि जाड भिंगांमागून त्या समोरच्या माणसाकडे जरा जास्त वेळ बघत.

"शौनकला फोटो पाठवायचाय," सुमंत म्हणाला. "चल आई, गच्चीवर. उजेड चांगला आहे."

गच्चीत ऊन स्वच्छ होतं. अजिंक्यतारा हाताच्या अंतरावर आल्यासारखा दिसत होता. शकुंतलाबाई खुर्चीवर बसल्या. ज्ञानदा त्यांच्या मागे उभी राहिली आणि तिने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. सुमंतने लेन्सचं झाकण काढून खिशात घातलं, खिसा चाचपला, पुन्हा चाचपला.

"हसा," तो म्हणाला.

ज्ञानदा हसली. मनापासून हसली, बॅग आठवून.

"आता गंमत बघ, आई. लगेच दिसतो." तो जवळ आला आणि त्याने दोन्ही हातांनी कॅमेरा आईपुढे धरला. "कडेला धर. तिथं नको, काचेला बोट लागेल. डाग पडतो."

"थांब रे, चष्मा वेगळा आहे जवळचा."

त्यांनी पिशवीत चष्म्याचं घर शोधलं. चष्मा काढला, पदराने पुसला, लावला. तोवर सुमंतने आणखी एकदा काच पुसून घेतली. मग कॅमेरा आईच्या हातात दिला आणि प्रसादाखाली वाटी धरावी तसा रुमाल पसरून कॅमेऱ्याखाली धरला. पडलाच तर, म्हणून. डोळे बारीक करून तो काचेच्या कडा बघत होता. ओठांतल्या ओठांत म्हणत होता, "बोट नको, बोट नको."

ज्ञानदा सासूबाईंच्या डोक्यावरून त्याच्याकडे बघत होती.

शकुंतलाबाईंनी कॅमेरा थोडा लांब धरला, थोडा जवळ आणला. बराच वेळ त्या बघत राहिल्या.

"माझा बरा आलाय," त्या म्हणाल्या.

"आलाय ना? बघ!"

"ज्ञानदाचा असा का आला?"

"असा म्हणजे?" ज्ञानदाने विचारलं.

"ओठ." त्यांनी स्वतःच्या वरच्या ओठाच्या कोपऱ्याला बोट लावलं. "कुणी शिळं ताटात वाढल्यासारखा. आणि नजर अशी."

ज्ञानदा वाकली. काचेच्या काळ्या चौकटीत आभाळाचा तुकडा होता, सासूबाईंचा सुरकुतलेला चेहरा होता आणि त्यांच्या खांद्यावरून तिचा स्वतःचा चेहरा पुढे येत होता, आता गोंधळलेला. मध्ये कुठेतरी तो धुळीचा कण. काचेमागे काळोख होता. वापरला नाही की कॅमेरा थोड्या वेळाने आपोआप बंद होतो, हे तिने माहितीपत्रकात वाचलं होतं. काचेमागे काळं असलं की त्याचा आरसा होतो, हे ती दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत असे.

"बंद झाला वाटतं," सुमंत म्हणाला आणि त्याने बटण दाबलं. काचेला बोट न लावता, तिरकं बघत त्याने पडद्यावर सावली धरली. "हा बघ. छान तर हसलीय ती."

फोटो आला. म्हातारी हसत होती, मागे सून हसत होती. सुनेचा हात खुर्चीवर.

शकुंतलाबाईंनी तोही नीट पाहिला.

"हाही बरा आहे. हाच पाठवा शौनकला. मघाचा पाठवू नका."

"मघाचा कुठला? एकच तर काढलाय."

"असू दे."

ज्ञानदाने तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, वर्गात ती म्हणायची तसं. आई, तो फोटो नव्हता, पडदा बंद होता, ते काचेतलं प्रतिबिंब होतं. पण म्हणजे तर तो चेहरा आत्ताचा होता, आणि खरा होता. मग पुढचं वाक्यही तिलाच म्हणावं लागलं असतं, की ते तुमच्याकडे बघून नव्हतं. आणि तो समोर उभा होता, पसरलेला रुमाल हातात घेऊन.

तिने तोंड मिटलं.

शकुंतलाबाईंनी चष्मा त्याच्या घरात ठेवला. घराचं झाकण टक् करून लागलं. तेवढ्यात दादासो जिना चढून वर आला.

"आजी, बॅग न्हिऊ न्हवं खाली?"

"नको रे बाबा," त्या म्हणाल्या. "ह्या खेपेला नको."

"आई!" सुमंत म्हणाला. "अगं, ठरलं होतं ना?"

"मी म्हटलं होतं, ठरवते. इथं ऊन चांगलं आहे. विजयमाला आहे शेजारी. न्हाणीघरात मूठ बसवून घेईन भिंतीला." त्या गच्चीवरून खोलीत आल्या, बॅगेचा पट्टा सोडला आणि सगळ्यात वर ठेवलेली मेतकुटाची बरणी काढली. "हे तुझ्यासाठी केलं होतं, ज्ञानदा. घेऊन जा."

ज्ञानदाने बरणी घेतली. सासूबाईंच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"मी काही चुकीचं बोललो का?" सुमंतने विचारलं.

"तू कुठला बोलायला." शकुंतलाबाईंनी त्याच्या शर्टाची वळलेली कॉलर सरळ केली आणि हात तिथेच ठेवला. "इतकं सगळं जपतोस. जरा स्वतःलाही जप रे."

परतीच्या वाटेवर शकुंतलाबाईंसाठी ठेवलेली मधली सीट रिकामी होती. तिच्यावरचं प्लॅस्टिक वाऱ्याने मधूनमधून फडफडत होतं.

"म्हाताऱ्या मानसांचं असंच असतंय," दादासो म्हणाला. "आमची आय बी जतला गावाकडंच ऱ्हाती. म्हनती, तुमच्या फरशीवर पाय गारठत्यात." कुणी हसलं नाही तसा त्याने गिअर बदलला.

कऱ्हाड गेलं. इस्लामपूरच्या अलीकडे दिवेलागण झाली.

"काचेमुळेच," सुमंत एकदम म्हणाला. "तिला नीट दिसलं नाही, भलतंच काहीतरी दिसलं आणि तिचं मन बिनसलं. तू सांगितलं होतंस मला." त्याने टेपच्या कडेखाली नख घातलं. "काढूनच टाकतो."

इतक्या वर्षांत त्याने कशावरचंही आवरण आपणहून काढायची भाषा केली नव्हती.

"राहू दे," ज्ञानदा म्हणाली.

"पण तूच तर म्हणत होतीस..."

"राहू दे म्हटलं ना."

तिने त्याच्या हातातून कॅमेरा घेतला आणि काचेची बाजू खाली करून मांडीवर ठेवला. सुमंत थोडा वेळ बघत राहिला. मग त्याने खिशातून रुमाल काढला, त्याची घडी उलगडली आणि साडीच्या जरीने काच घासू नये म्हणून तो अलगद मध्ये सरकवला.

ज्ञानदाने तोंड खिडकीकडे वळवलं. बाहेर काळोख पडला होता आणि काचेत तिचा चेहरा होता. तिने खिडकीची काच सरकवली आणि वारा आत येऊ दिला.