शिडीवाल्यांची पाटी

मी एक जुनी शिडी आहे. चौदा पायऱ्यांची, अंगाने वाकडी आणि तोंडाने फटकळ. मित्रांनो, माझी कीव करायला आला असाल, तर आल्या पावली परत जा.

मला एका सुताराने उरल्यासुरल्या लाकडातून घडवलं आणि घराबाहेरच्या भिंतीवर दोन खुंट्यांना टांगलं. त्याचा नियम एकच होता. शिडी न्यायला विचारायचं नाही, काम झालं की परत आणायची. कुणाचं छप्पर गळू दे, कुणाचं मांजर वर अडकू दे, मी निघालेच. गल्लीत सुतार तिघे होते, म्हणून लोक याला शिडीवाला म्हणू लागले.

मुलाला शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी आडनाव विचारलं. सुतार गडबडला. त्याच्या घरात कुणी ते कधी लावलंच नव्हतं. रांगेतलं कुणीतरी म्हणालं, शिडीवाले लिहा, सगळी गल्ली ओळखते. मास्तरांनी लिहिलं. कुठल्या राजाने दिलेलं नाही हो हे आडनाव, शेजाऱ्यांनी दिलेलं आहे!

पुढे तो मुलगा ऑफिसात साहेब झाला. त्याला बढती मिळाली की लोक म्हणत, शिडी घरचीच, चढायला कितीसा वेळ! तो वरवर हसायचा आणि घरी येऊन माझ्याकडे पाठ फिरवायचा. सुतार गेल्यावर मला कुणी तेलाचा हातसुद्धा लावला नाही.

त्याची मुलगी डॉक्टर झाली. घराच्या खालच्या खोलीत दवाखाना निघणार होता. बापाने कुठलंतरी भारदस्त आडनाव शोधून नवी पाटी करून आणली. मुलगी म्हणाली, "बाबा, आजोबांना काय वाटलं असतं?"

"आजोबांना कधी माझ्या ऑफिसात बसावं लागलं नाही," तो म्हणाला.

पाटी लावायला रंगारी आला तो हात हलवत. त्याने मलाच खाली काढलं. माझंच नाव पुसायला माझ्याच खांद्यावर चढला! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी नववी पायरी जोरात करकरवली. तेवढंच माझ्या हातात होतं.

इतक्यात समोरची शिंपीण धावत आली. तिची सासू वरच्या खोलीत पडली होती आणि दाराला आतून कडी होती. तिने कुणाला विचारलं नाही. रंगाऱ्याला खाली उतरवलं, मला ओढत नेलं आणि तिच्या खिडकीला लावलं. डॉक्टर मुलगी भराभर चढली. नववी पायरी तिच्या पायाखाली मोडली, पण आठवीने तिला सोडलं नाही. खाली बापाने माझे दोन्ही दांडे घट्ट धरले होते.

खिडकीतून म्हातारीचा बारीक आवाज आला, "कोण गं तू?"

"मी शिडीवाल्यांची, आजी. हलू नका."

बापाने ते ऐकलं. त्याचे डोळे भरून आले, पण दांडे काही त्याने सोडले नाहीत.

म्हातारी वाचली. दुसऱ्या दिवशी बापाने सुट्टी काढली आणि सुताराच्या हातोडीने मला नवी नववी पायरी ठोकली. जरा तिरकी बसली आहे, पण चालेल. रंगाऱ्याने तीच पाटी घासून तिच्यावर जुनं आडनाव लिहिलं, आणि मी पुन्हा बाहेरच्या खुंट्यांवर आले.

आता खुशाल हसा मला. पण आपल्या आडनावाची लाज वाटली, तर आधी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा की ते कुणाच्या कष्टांनी मिळालं. आणि मला वर्षातून एकदा तेल लावा. बाकी काही विचारायचं नाही. हवी तेव्हा न्या, परत मात्र आणून टांगा.