मोड आलेल्या दाण्यांचं तेल

ज्योतीरामच्या घाण्यातून तेल येईना, तेव्हा त्यानं आधी माझ्याकडं बघितलं. त्याचंही बरोबर आहे. महाळुंग्यात काही उलटं घडलं की लोक मलाच शोधतात. त्याच्या स्कूटरखाली बकरीची घंटा मीच बांधली होती. आठवडाभर गडी मागं वळून शेळी हुडकत होता.

पण ह्या वेळी मी खरंच काही केलं नव्हतं, राव.

मोडाची मटकी पौष्टिक, मग मोड आलेल्या शेंगदाण्यांचं तेल डबल पौष्टिक, असं ज्योतीरामचं डोकं चाललं. आकुर्डीच्या एका सोसायटीला दिवाळीच्या चकल्यांसाठी ह्या तेलाचा शब्द देऊन बसला. माझ्या गच्चीवर दाणे भिजवले, बोटभर मोड येऊ दिले, तिथंच कडकडीत वाळवले. गच्चीची चावी माझ्याकडं. झालं, चोर सापडला.

"मारुत्या, दाणं बदललंस न्हवं?"

"आईशप्पथ न्हाई."

"घंटेच्या टायमालाबी आईशप्पथच म्हनला व्हतास."

त्याची बायको यशोदाबाई पेंड चाखून म्हणाली, "अवो, ही गोड लागतीय. ह्यानं साखर कालवलीय."

मी चिमूटभर तोंडात टाकली. गोड. गावात माझ्याहून बेरकी कोण निपजलं?

"सोसायटीत माझं नाक कापलंस," ज्योतीराम हळूच म्हणाला. "उद्यापासून हितं पाय ठिवू नगंस."

तेवढ्यात सोसायटीच्या चित्रा मॅडम कॅन घेऊन आल्या. कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवतात. उरलेल्या दाण्यांचे मोड बघून त्यांनी कपाळावर हात मारला.

"अहो, तेल म्हणजे रोपाची शिदोरी. पानं फुटेपर्यंत ते खाणार काय? म्हणून दाण्यातल्या पेशी तेलाची साखर करतात आणि कोंबाला पाठवतात. मोड वाढला, की तेल आटलं."

मी पोटावर हात फिरवला. "माणसाला जमतं का हे?"

"नाही. तुमची चरबी तिथंच राहणार."

माझ्याच गच्चीवर, माझ्याच कुलपात, पोतंभर दाणे गपचूप तेल पळवत होते, आणि मी खाली झोपलो होतो.

कोपऱ्यात न भिजवलेलं एक पोतं होतं. ज्योतीरामनं ते घाण्यात ओतलं. थोड्या वेळानं जाड, पिवळी धार लागली.

"मला हेच द्या," मॅडम म्हणाल्या. "सोसायटीला मी सांगते."

ज्योतीराम माझ्याकडं बघेना. यशोदाबाईनं चहा आणला. मी एक घोट घेतला, एकदम फिक्का.

"वहिनी, साखर?"

ज्योतीरामनं मघाच्या गोड पेंडीचं ताट माझ्याकडं सरकवलं.

"बुडवून खा."