करू नका

भिंतीवरचं मशीन बिघडलं की त्याच्या आधी शाळेचा शिपाई बिघडतो. आम्ही गाडीतून उतरलो तेव्हा तो फाटकाशीच उभा होता आणि त्याच्या मशीनमध्ये आम्हीच वाळू ओतून गेलोय अशा नजरेने बघत होता. सकाळपासून आम्ही एका छपरावरून दुसऱ्या छपरावर चढत होतो. थंडीने बोटं आखडली होती आणि कुणाशी गोड बोलायची माझी तयारी नव्हती. मी त्याला फक्त कुठला वर्ग ते विचारलं.

आम्ही म्हणजे मी आणि दाजी. दाजी माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आणि या धंद्यात मला ओढणारेही तेच. माझे केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, पण त्यांच्या लेखी मी अजून 'बारक्या'च आहे. चारचौघांत, गिऱ्हाइकासमोर, कुठेही. पूर्वी मी चिडायचो. आता चिडायलाही अंगात बळ लागतं, म्हणून ओ देतो.

ही भिंतीवरची मशीनं म्हणजे उभी लोखंडी कपाटं. इमारतीच्या भिंतीला बाहेरून टांगलेली. कॉम्प्रेसर, पंखे, गॅसच्या नळ्या, सगळा संसार त्या एका कपाटात. आत वर्गात दिसतात फक्त दोन जाळ्या. वरच्या जाळीतून हवा आत येते, खालच्या जाळीतून परत मशीनमध्ये जाते. उन्हाळ्यात ते खोली गार करतं आणि थंडीत तेच उलटं चालून गरम करतं. माणसाला असं उलटं चालायला लावलं तर तो वर्षभरात कोलमडेल. मशीन निदान आधी आवाज करतं.

या मशीनची तक्रारही आवाजाचीच होती. वर्गाच्या बाई म्हणाल्या की चालू केलं की असं किंचाळतं की फळ्यावर काय लिहावं ते सुचत नाही, आणि थोड्या वेळाने स्वतःच बंद पडतं. आवाज जावा म्हणून कुणीतरी वरच्या जाळीत वह्यांचे कागद कोंबले होते. पोरं स्वेटरांत हात खुपसून बसली होती. बाईंच्या खांद्यावर शाल होती आणि नाक लाल झालं होतं.

कागद काढून दाजींनी मशीन चालू केलं. पंखा फिरला मात्र, अशी तीक्ष्ण किंकाळी सुटली की माझे दात शिवशिवले. सगळ्या वर्गाने एकदम कानांत बोटं घातली. बाईंनीसुद्धा. आणि दाजी वर्गाच्या मधोमध, हात पाठीमागे बांधून, छताकडे बघत उभे राहिले. मग जाळीजवळ गेले, मोठ्या स्क्रूड्रायव्हरचं टोक जाळीच्या चौकटीवर टेकवलं, मूठ कानाला लावली. ही त्यांची जुनी पद्धत. या मुठीतून त्यांनी किती मोटरींची दुखणी ऐकली असतील याला गणती नाही.

"मोटर मस्त चाललीय," ते म्हणाले. "आवाज कुठाय?"

पोरं हसली. त्यांना वाटलं, काका गंमत करतायत. दाजींनी पोरांकडे पाहिलं आणि मग तेही हसले, जणू गंमतच केली होती. मला मात्र संताप आला. मला वाटलं, म्हाताऱ्याने हट्ट धरलाय. अलीकडे हे फार व्हायला लागलं होतं. एक सांगावं तर दुसरंच करायचे, विचारलेल्याचं उत्तर द्यायचे नाहीत, जेवताना गप्प. ताई मला म्हणाली होती की तुझे दाजी हल्ली घरात कुणाला मोजत नाहीत, भिंतीशी बोलल्यासारखं होतं. मी तिला म्हटलं होतं, वय झालं की माणूस खडूस होतोच, सोडून दे.

बाहेर येऊन मी मशीनचं झाकण उघडलं. गाळणी खडूच्या धुळीने अशी भरली होती की तिच्यावर बोटाने नाव लिहिता आलं असतं. हे झालं एक कारण. वारा कमी पडला की गरमी वर्गात न जाता मशीनच्या आतच साठते, दाब वाढतो आणि मशीन स्वतःला वाचवायला बंद पडतं. पण किंकाळी गाळणीने येत नाही. ती पंख्याच्या मोटरीतली बेअरिंग सुकल्यावर येते, हे मला दाजींनीच शिकवलेलं. मी त्यांना तसं म्हटलं. ते म्हणाले, मोटर ठीक आहे, मी ऐकलीय, दोष गॅसमध्ये आहे, दाब मोजू. मी म्हटलं, आधी पंखा हाताने फिरवून बघू. ते म्हणाले, बघ बाबा, तू शहाणा झालास.

मशीनच्या अंगावरचा बंद करायचा दांडा गंजून जाम झाला होता. म्हणजे वीज तोडायची तर वर्गातल्या पेटीतूनच. खरं तर अशा वेळी पेटीला आपलं कुलूप घालून किल्ली खिशात ठेवायची असते. कुलूप गाडीत होतं, गाडी फाटकाबाहेर होती, आणि आम्ही दोघं इतक्या वर्षांचे जोडीदार. आमचं कुलूप म्हणजे आमचा आवाज. आतला विचारणार, बाहेरचा सांगणार, आणि बाहेरच्याने सांगितल्याशिवाय आतला बटणाला हात लावणार नाही. कंटाळलेली माणसं असंच काम करतात. कंपनीला हे कळू नये एवढंच.

दाजी आत गेले, त्यांनी वीज तोडली. मी शिडीवर चढून पंख्याच्या पोटात हात घातला. चाक हलवून पाहिलं तर डुगडुगत होतं. बेअरिंग गेलेलीच होती. मनात म्हटलं, आता दाखवतो यांना, मोटर कशी मस्त आहे ती. बोटांनी चाकाच्या मधला दांडा चाचपत होतो एवढ्यात खालच्या जाळीतून दाजींचा आवाज आला.

"बारक्या, चालू करू का?"

"करू नका," मी ओरडलो.

आपल्या भाषेत नकार शेवटी येतो. आधी सगळं होकारासारखं बोलून होतं, आणि मग 'नका' येतं. ते शेवटचं ऐकू आलं नाही तर माणूस नेमकं उलटं करून बसतो. कॉम्प्रेसर वीज आल्यावर काही वेळ थांबतो, पण पंखा थांबत नाही. चाक झटक्यात फिरलं आणि माझा हातमोजा आत ओढून नेला. मी अशी बोंब ठोकली की समोरच्या इमारतीतल्या खिडक्या उघडल्या.

पंखा थांबला तो बाईंनी बंद केला म्हणून. हे मला नंतर पोरांकडून कळलं. माझी बोंब पोरांनी ऐकली, बाईंनी ऐकली, फाटकावरच्या शिपायाने ऐकली. दाजी पेटीशेजारी उभे होते, वरच्या जाळीपुढे तळहात धरून वारा नीट येतोय का ते बघत होते. बाई त्यांना ढकलून पुढे गेल्या तेव्हा ते म्हणे त्यांच्यावर रागावले.

मी शिडीवरून उतरून आधी बोटं मोजली. सगळी होती. मधल्या बोटाचं नख उपटलं गेलं होतं आणि बोट वांग्यासारखं सुजायला लागलं होतं. हातमोजा एक नंबर मोठा होता म्हणून तो गेला आणि हात राहिला. दाजी धावत बाहेर आले. माझा हात बघितला आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"तू 'करा' म्हणालास," ते म्हणाले.

"मी 'करू नका' म्हणालो, दाजी."

त्यांनी माझ्याकडे नाही, माझ्या ओठांकडे पाहिलं. तेव्हा मला कळलं. वर्गातली किंकाळी, पोरांचं हसू, ताईची तक्रार, सगळं एकाच धाग्यात येऊन बसलं. माझा राग पार उतरला, आणि त्याच्या जागी जे आलं ते रागाहून जड होतं. मला भीती वाटली. त्यांच्यासाठी आणि माझ्या हातासाठी, दोन्हींसाठी.

आम्ही गाडी आत आणून तिच्या मागच्या फळीवर बसलो. दाजींनी माझं बोट धुतलं, पट्टी बांधली. हात त्यांचा अजून पक्का आहे, पट्टी बघून डॉक्टरनेही नावं ठेवली नसती. मी त्यांच्या समोर तोंड करून, शब्द तोडून तोडून विचारलं की हे कधीपासून. त्यांनी आधी पट्टीची गाठ मारली.

मग ते सांगत गेले. आधी घड्याळाचा गजर गेला. मग शिट्टी, दाराची घंटा. जाड आवाज येतात, बारीक येत नाहीत. माणूस बोलतो ते ऐकू येतं पण काय बोलतो ते कळत नाही, शब्द पाण्यात विरघळल्यासारखे येतात. आयुष्य पंख्यांच्या तोंडाशी गेलं, दुसरं काय होणार. घरी त्यांनी गप्प राहायचं ठरवलं. बहिरा म्हणून कीव करण्यापेक्षा खडूस म्हणून शिव्या घातलेल्या बऱ्या, असं त्यांचं गणित. मी म्हटलं, ताईला तरी सांगायचं होतं. ते म्हणाले, तुझ्या ताईला सांगितलं म्हणजे दवंडी पिटली. यावर आम्ही दोघंही जरा हसलो. ताई आहेच तशी.

"बाकीचं चाललं असतं रे," ते म्हणाले. "पण नात. तिचा आवाज बारीक. मी आपला प्रत्येक गोष्टीला हो हो म्हणतो. परवा मांडीवर बसून तिने काहीतरी विचारलं, मी हो म्हटलं, आणि ती उठून गेली. तेव्हापासून जवळ येत नाही. सूनबाईने सांगितलं, तिने विचारलं होतं, आजोबा, मी तुम्हाला आवडत नाही का?"

 

मी मनातल्या मनात वाटा शोधत होतो. आतलं काम मी करीन, बाहेरचं त्यांना देईन. हाताच्या खुणा ठरवू. कुलूप घेऊन फिरू, शिस्तीने. भिंतीपलीकडचा माणूस खूण बघू शकत नाही हे मला कळत होतं, तरी मी शोधत होतो. काम सुटलं तर हा माणूस दिवसभर घरात बसणार, जिथे सगळे बोलतात आणि त्यांना फक्त ओठ हलताना दिसतात. मशीनशी निदान त्यांचं जमायचं. मी त्यांना म्हटलं की कुणाला सांगायची गरज नाही, माझं बोट दारात चेमटलं म्हणून सांगू.

दाजींनी माझा पट्टी बांधलेला हात उचलला आणि बराच वेळ आपल्या हातात धरून ठेवला. असं त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं. आमच्या घरात पुरुष एकमेकांचे हात धरत नाहीत.

"सुपरवायझरला फोन लाव," ते म्हणाले. "सांग त्याला, माझे कान गेले. मीच केला असता, पण फोनवर तो काय म्हणतो ते मला कळायचं नाही."

मी म्हटलं, उद्या करू, आज दमलोय. ते म्हणाले, उद्या मी बदलेन, आत्ताच लाव.

मी लावला. सुपरवायझर माणूस वाईट नाही, पण भीतीने ताबडतोब कडक होणाऱ्यांतला आहे. त्याने सगळं ऐकलं, मध्ये दोनदा माझ्या हाताचं विचारलं. मी बोलत असताना दाजी माझ्या चेहऱ्यावरून नजर हलवत नव्हते. त्यांना दुसरा मार्ग नव्हता, माझा चेहरा हाच त्यांचा फोन. मी तो शक्य तितका कोरा ठेवला. सुपरवायझर म्हणाला, त्यांना आजपासूनच थांबव. शाळेतलं काम तू दुसऱ्याला घेऊन पुरं कर, मी माणूस पाठवतो. त्यांना गाडीत बसव. पुढचं बघू, गोदामात काही निघालं तर निघालं, मी शब्द देत नाही.

फोन ठेवला तेव्हा मधली सुट्टी झाली होती आणि सगळी शाळा पटांगणात सांडली होती. शिपाई गाडीच्या अगदी जवळ येऊन उभा होता, काय चाललंय ते बघायला. बाई पायरीवर उन्हात हात शेकत होत्या.

"काय म्हणाला?" दाजींनी विचारलं.

ही अशी गोष्ट होती की माणसाने माणसाला शेजारी बसून, खांद्यावर हात ठेवून, हळू सांगावी. मी तसंच केलं. खांद्यावर हात ठेवला, तोंड कानाजवळ नेलं आणि सांगितलं.

"अं?"

मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. त्यांनी कानामागे तळहात धरला. पोरांचा गलका चालूच होता. मी त्यांच्याकडे तोंड वळवून ओठ हलवून दाखवले, तर मला भरून आलं होतं आणि ओठ धड हलत नव्हते. त्यांनी मान हलवली, कळलं नाही म्हणून. मग मी सगळा जीव एकवटून ओरडलो.

"तुम्हाला आजपासून मशीनला हात लावायचा नाही, दाजी! तुम्हाला थांबवलंय!"

पटांगणातली पोरं खेळायची थांबली. शिपाई, बाई, खिडकीतली माणसं, सगळी आमच्याकडे बघायला लागली. दाजींनी एकदा सगळीकडे नजर फिरवली, कंबरेचा स्क्रूड्रायव्हरांचा पट्टा सोडला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"ओरडतोस कशाला बारक्या," ते म्हणाले. "ऐकू आलं मला."