गाडीत काही नाही

आमच्या गल्लीत गाड्यांच्या काचा फुटायला लागल्या आणि सगळ्यांनाच कंठ फुटला. सभा आमच्या घरी भरली, कारण आमच्याकडे खुर्च्या जास्त आणि चहा करणारी सून आयती.

भावोजी, म्हणजे माझे धाकटे दीर, कॅमेरे विकतात. त्यांच्या मते चोऱ्यांवर कॅमेऱ्यांशिवाय उपाय नव्हता. वकीलसाहेबांना पोलिसांची गस्त हवी होती. औषधांच्या दुकानवाल्याला रस्त्यावर जास्त दिवे हवे होते, तर वकीलसाहेबांच्या बायकोला दिव्यांनी झोप लागत नव्हती. लोकांच्या हाताला काम नाही म्हणून चोऱ्या होतात, असंही कुणीतरी म्हणालं. त्यावर सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले, कारण काम द्यायला कुणीच तयार नव्हतं.

शेवटी माझे सासरे बोलले. बाबा आयुष्यभर शाळेत भाषा शिकवत आले. आमच्या लग्नपत्रिकेत एक वेलांटी चुकली म्हणून त्यांनी सगळ्या पत्रिका पुन्हा छापून घेतल्या होत्या.

"आत काहीतरी मिळेल या आशेने चोर काच फोडतो," ते म्हणाले. "ती आशाच ठेवू नका. गाडी रिकामी ठेवा आणि तसं लिहून लावा."

"चोर कशाला वाचत बसतोय, बाबा!" भावोजी हसले.

"या भागातली निम्मी माणसं माझ्या वर्गात होती. वाचेल."

हा अभिमान होता की तक्रार, ते कळलं नाही. पण पाट्या फुकट होत्या, त्यामुळे ठराव पास झाला. बाबांनी सगळ्यांना स्वतःच्या हाताने पाट्या लिहून दिल्या: 'गाडीत काही नाही.' मोत्यासारखं अक्षर, शेवटी पूर्णविराम.

आणि नवल म्हणजे काचा फुटायच्या थांबल्या. बाबांची मान ताठ झाली. दुकानवाला पाटीच्या आड बिनधास्त लॅपटॉप ठेवू लागला, वकीलसाहेब बायकोची पर्ससुद्धा. गल्लीभर गाड्या खोटं बोलत होत्या आणि सुखात होत्या. बाबांना यातलं काही माहीत नव्हतं आणि सांगायची हिंमत कुणाला नव्हती.

मी घरी शिवणकाम करते. लोकांच्या पँटी आखूड करून करून जीव विटला होता, तेवढ्यात एका हॉटेलने वेटरांचे वेस्टकोट शिवायला दिले. वेळेवर आणि नीट दिले तर त्यांचं सगळं गणवेशाचं काम माझं. मी घरदार विसरून शिवलं. द्यायच्या दिवशी गठ्ठे गाडीत ठेवले, पाटी लावली आणि उरलेला गठ्ठा आणायला वर गेले.

खाली आले तर रस्त्यावर काचांचा सडा आणि मागची सीट मोकळी. पाटी तेवढी जागेवर होती. 'नाही'वर तांबडी रेघ, वर सुबक अक्षरात 'आहे', आणि बाजूला बारीकशी सही.

तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच पाटी घेऊन घरात शिरले. बाबा नुकतेच फिरून आले होते.

"हे काय केलंत?"

"अगं, गाडी तर भरलेली होती. माझ्या अक्षरात इतकं धडधडीत खोटं कसं ठेवणार? डाव्या बाजूची काच थोडी खाली होती, म्हणून हात घालून दुरुस्त केलं."

"आणि माझं काम गेलं त्याचं काय? तुमच्या खरेपणासाठी मी का बुडायचं, बाबा?"

ते पाटी घेऊन आपल्या खोलीत गेले. त्या दिवशी जेवलेही नाहीत, आणि मी आग्रह केला नाही.

पुन्हा सभा भरली. भावोजींनी नमुना म्हणून आमच्या फाटकावर लावलेल्या कॅमेऱ्यातलं दृश्य मोठ्या तोऱ्यात दाखवलं. चोराची फक्त टोपी दिसत होती. त्याआधी मात्र बाबा अगदी लख्ख दिसत होते: चष्मा चढवतात, पाटी काढून दुरुस्त करतात, परत ठेवतात, दोन पावलं मागे सरून वाचतात आणि समाधानाने निघून जातात. सगळे पोट धरून हसले.

"म्हणजे पाटीचा उपयोग होतो हे सिद्धच झालं," वकीलसाहेब म्हणाले.

मग ठराव झाला: गाडीत काही असो वा नसो, पाटीला कुणी हात लावायचा नाही. बाबांनी हात वर केला नाही. मी त्या दिवशी सगळ्यांना बिनसाखरेचा चहा दिला.

हॉटेलच्या मॅनेजरने हातापाया पडल्यावर एक शेवटची तारीख दिली. मी पुन्हा कापड बेतलं. बाबा न सांगता शेजारी येऊन बसले आणि चष्मा नाकावर ओढून बटणांचे उरलेले दोरे कापू लागले. आमच्यात बोलणं नव्हतं. कात्री तेवढी मागून घ्यायचे.

तारीख आली. गठ्ठे गाडीत ठेवले. शेवटचा आणायला वर गेले, तो काखेत मारला. धावतच जिना उतरले.

काच शाबूत होती. गाडीशेजारी बाबा उभे होते आणि आत नवी पाटी होती. शाई अजून ओली.

'गाडीत काहि नाहि.'

मी दोनदा वाचलं. इतके दिवस जपलेला राग कुठे गेला कळलंच नाही, डोळेच भरून आले.

"बाबा, दोन्ही वेलांट्या चुकल्यात," मी म्हणाले.

"माहीत आहे," पाटीवरची नजर न काढता ते म्हणाले. "अशुद्ध वाक्याला खोटं म्हणत नाहीत, सूनबाई. नुसते गुण कापतात."